थिनरचा वास

१ डिसेंबर, रविवार

रॅलीच्या गाडीच्या बॉडीले प्रायमरचा दुसरा हात दिला. ड्यूटी सेकंड होती, म्हणून सकाळीच बसलो. डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीत खड्डा निघाला. पांढऱ्या प्लास्टिकवर असं काही दिसत नाही, राखाडी प्रायमर बसला की लपत नाही. पुट्टी भरली. वाळू दे.

जिनिंग सुरू झाल्या. आर्णीच्या हवेत कापूसच कापूस. दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद, फरशीवर पाणी शिंपडलं. अंगात फक्त बनियान, कारण शर्टाचाही तंतू उडते. तरी एक बसलाच गाडीच्या छपरावर. चिमट्यानं काढला तं खूण राह्यली. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची गाडी, तिच्यावर एक तंतू म्हणजे दोरखंड दिसते.

आई दाराबाहेरून: "जेवाले येतं का ताट खालून सरकवू?"

ताट खालून सरकत नाही. फटीले मीच रबर लावलेलं आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

बाभुळगावहून ताईचा फोन. सोयरीक आणली.

"पोट्टी चांगली हाये गजू. मेडिकलवर बसते, डी. फार्म केलेली. तेहतीसची. पहिलं लग्न मोडलं, नवरा प्यायचा. लेकरू नाही. आता तू नखरे करू नको. अडतिसाव्या वर्षी तुले कोणी राजकन्या नाही देऊन राह्यलं."

नखरे मी कधी केले? समोरच्यांनी केले. मागच्या वर्षी एक तं घर पाहाले आली अन् शेल्फातल्या गाड्या पाहून हसली. "भाच्याच्या आहेत का?" ताईनं हो म्हणून टाकलं. मीही तोंड उघडलं नाही.

हिचं नाव रूपाली. फोटो पाह्यला. कॅमेऱ्याकडे पाहून उगाच हसत नाही. बरं वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार

पुट्टी घासली. हजार नंबरचा पॉलिश कागद, पाणी लावून. खड्डा गेला.

सबस्टेशनवर दिवसभर फोन. "लाइन कवा येते?" "येते भाऊ." "कवा पण?" गव्हाले पाणी द्यायचं आहे सगळ्यांना एकाच टायमाले. एकानं माझ्या सात पिढ्या काढल्या. त्याचं ऐकता ऐकता मनात निळा रंग जुळवत होतो. गाडी जोडायच्या किटच्या डब्यावरचा निळा बाटलीतल्या निळ्यापेक्षा थोडा जांभळट आहे.

८ डिसेंबर, रविवार

बाभुळगावले गेलतो. मी, आई, ताई, भाऊजी. त्यांच्याकडून तिची आई अन् मामा. वडील नाहीत, सगळं मामाच पाहते. मामानं नोकरी विचारली, वावर विचारलं, रक्तगट विचारला. पोहे चांगले होते, शेंगदाणे जास्त.

मग आम्हाले गच्चीवर बोलाले पाठवलं. तिनं इकडचं तिकडचं काही केलं नाही.

"दारू?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कॉलेजात एकदा. उलट्या झाल्या."

हसली नाही. "मोकळ्या टायमात काय करता?"

"काही नाही. असंच."

काहून बोललो असं? जिभेवर आलतं. 'भाच्याच्या का' आठवलं अन् गिळून टाकलं. ती "हं" म्हणाली अन् गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटवू लागली. मी उभा. मिरच्यांनी शिंक आली. खाली आलो.

येताना यवतमाळात थांबून गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून थिनर घेतला. आई म्हणे, "सोयरीक पाहाले आलता का दुकानदारी कराले?"

११ डिसेंबर, बुधवार

त्यांचा निरोप आला, पुढं बोलू. पण पहिले घर पाहणार. पहिल्या लग्नाच्या टायमाले नीट पाह्यलं नव्हतं म्हणे, फसले. ताईनं बजावलं, "तुह्या गाड्या तेवढ्या झाका बाप्पा."

मले काय, झाका.

पण खरं लिहायचं तं दिवसभर बरं वाटत होतं. कारण माहीत आहे. लिहत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

पाव्हणे उद्या चार वाजता. आईनं आजच शेल्फावर चादर टाकली. किटचे डबे दिवाणाखाली. मी म्हटलं, उद्या सकाळी निळा मारून घेतो, चारपर्यंत वास जाते. हवा सध्या कोरडी आहे, अशी पुन्हा भेटत नाही.

आई म्हणे, "उद्याच मुहूर्त सापडला तुले?"

पुढचा आठवडा सगळा फर्स्ट शिफ्टचा आहे. मंग कधी मारू?

२२ डिसेंबर, रविवार

पाणी पडलं सगळ्यावर.

नाइट करून घरी आलो. झोपलो नाही, लगेच बसलो. दोन हात झाले. तिसरा चालू होता तं फाटकाचा आवाज. पाव्हणे साडेबाराले हजर! मामाले दिग्रसले दुसऱ्या कार्यक्रमाले जायचं होतं, म्हणून इकडं आधी. बॉडीवर टोपलं उपडं घातलं, धूळ बसू नये म्हणून. तोंड धुतलं, शर्ट घातला, बाहेर आलो. नखात निळं तसंच. डोळे लाल. मास्क गळ्यात लटकलेला होता हे मले आईनं डोळे वटारले तवा कळलं.

रूपाली नव्हती. तिची आई अन् मामा. मामा घर पाहत पाहत माझ्या खोलीपाशी आले. "ही खोली?"

आई: "काही नाही जी, अडगळ हाये."

मामानं कडी काढली. आतून भपकारा आला तो मलेही जाणवला. आत काय दिसलं असन त्यांना? खिडकी बंद. फरशी ओली. एक स्टूल. बाटल्या. निळे बोळे. उपडं टोपलं. बाकी सगळ्यावर चादर.

मामा तिथंच उभे. नाकाले रुमाल नाही लावला, उलट दोनदा वास घेतला. माझ्या डोळ्याकडं पाह्यलं, नखाकडं पाह्यलं. मग दार लोटून घेतलं, अगदी हळू. तिची आई म्हणे, "काय जी भाऊ?" "काही नाही, चाल." चिवडा अर्धा टाकून उठले.

तेव्हा टोपलं उचलून दाखवाले पाह्यजे होतं. रंग ओला होता म्हणून नाही उचललं. खरंच एवढंच डोक्यात होतं, रंग ओला आहे.

निळा मात्र सुंदर बसला.

२४ डिसेंबर, मंगळवार

ताईचा फोन. आधी ती ओरडली, मग रडली, मग ओरडली.

"पोरगा थिनर हुंगते म्हणतात! म्या म्हटलं, नाही जी, तो लहान लहान गाड्या रंगवते, त्याले तो नाद हाये. तं मामा काय म्हणते माहीत हाये का? म्हणे, अडतीस वर्षाचा नोकरीवाला माणूस खेळण्यातल्या गाड्या रंगवते? बाई, खोटं तं जरा बरं सांगा."

मले हसू आलं. ताई म्हणे, "हास! हास बयताडा! तिचा पहिला बी पिऊन पिऊन वाया गेला. त्या लोकाईले एक वास पुरते."

मग हसू गेलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

सबस्टेशनवर सुनील. माझ्यासोबत ऑपरेटर आहे, पोटात काही ठेवत नाही. चहा पिता पिता म्हणे, "भाऊ, एक विचारू? वाईट नको मानू."

"विचार."

"खरं हाये का?"

म्हणजे बाभुळगावचं आर्णीपर्यंत आलं. मी मोबाइलवर गाड्यांचे फोटो दाखवले. त्यानं नीट पाह्यले, एकेक मोठा करून. मग म्हणे, "भारी हाये. पण भाऊ, थिनर तं लागतेच न?"

म्हणजे झालं.

२८ डिसेंबर, शनिवार

आईशी भांडण. सगळं फेकून दे म्हणते. "तुहा बाप पत्ते खेळे, पण चार माणसात खेळे. तू त्या खोलीत बसून करतं काय? मी मेल्यावर त्या डब्यांशी बोलशीन."

मी म्हटलं, डबे उलट उत्तर देत नाहीत.

असं बोलाले नको होतं. ती स्वयंपाकघरात गेली अन् भांडे आपटत राह्यली. मी आत जाऊन दोन हजारच्या कागदानं निळा घासत बसलो. डोकं जागेवर नव्हतं. बॉनेटच्या कडेले रंग पार कापला, खाली राखाडी निघाला. कड आहे तिथं जोर द्यायचा नसते, हे मले दहा वर्षांपासून माहीत आहे. राग आला की हात विसरते.

तेवढ्याच जागेवर पुन्हा मारावा लागेन.

३१ डिसेंबर, मंगळवार

पौष लागला. आता महिनाभर कोणी हो म्हणत नाही, कोणी नाही म्हणत नाही. पौषात सोयरिकीचं बोलणंच काढत नाहीत. ताई म्हणे, "देवानंच वेळ दिला समज. माघ लागला की मामा काय तो निरोप देतीन. तोवर तू शहाण्यासारखा राह्य."

शहाण्यासारखा म्हणजे कसा, ते सांगितलं नाही.

२ जानेवारी, गुरुवार

कड दुरुस्त झाली. तिरप्या उजेडात धरली तरी कळत नाही.

५ जानेवारी, रविवार

स्टिकर लावाले घेतले. कोमट पाण्यात सोडायचे, कागदावरून सुटले की ब्रशनं सरकवत जागेवर न्यायचे, खालचं पाणी दाबून काढायचं. दरवाज्यावरचा आकडा मोठा आहे, वळणावर सुरकुतला. स्टिकर मऊ करायचं औषध लावलं, तासाभरानं बसला.

या कामात डोक्यात काही येत नाही, म्हणून मले आवडते. आज मात्र ती मिरच्या उलटवताना दिसत होती. एकच बाजू सारखी सारखी उलटवत होती ती, वाळलेल्याच मिरच्या. म्हणजे तीही घाबरलेली होती. हे मले आज समजून राह्यलं, अन् स्वतःचाच भल्ला राग आला.

८ जानेवारी, बुधवार

अनोळखी नंबर. मले वाटलं लाइनवालाच कोणी.

"मी रूपाली बोलते, बाभुळगावहून. पौष हाये, तरी करून राह्यली फोन."

"बोला."

"कोणता थिनर?"

"लॅकरचा. गाड्यांच्या रंगातला."

"हुंगता?"

"नाही."

"मास्क?"

"लावतो. फिल्टरवाला."

"खिडकी?"

"बंद असते."

"मंग तो वास जाते कुठं? फुप्फुसातच न?"

 ती औषधाच्या दुकानात बसते, तिच्याशी काय वाद घालायचा. मग तिनं विचारलं, "अन् गच्चीवर मी विचारलं तवा 'काही नाही' काहून म्हटलं?"

सांगता आलं असतं. हसतात म्हणून. एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं.

"माहा पहिला बी असंच म्हणे," ती म्हणाली, "काही नाही, असंच." फोन ठेवला तिनं.

नंबर सेव्ह केला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईच्या ओळखीच्या बायका आल्यात्या तिळगूळ घेऊन. एकीनं दारातून माझ्या खोलीकडं मान लांबवून नाक ओढलं. आईनं पाह्यलं. आई तिले म्हणाली, "रंग देते तो. गाड्याईले. चाल, दाखवते."

अन् चादर ओढून घेतली शेल्फावरची. सगळ्या गाड्या उघड्या. चारही बायका आत. कोणी म्हणे 'माय व, स्टेअरिंग बी हाये!' कोणी म्हणे 'इकत काहून नाही?' आई मधात उभी राहून सांगत होती, हा पट्टा सीट बेल्टाचा आहे, हे आरसे तो चिमट्यानं लावते. तिले हे सगळं कुठून माहीत? मी तं कधी दाखवलं नाही.

आईले काही बोललो नाही. बोलाले पाह्यजे होतं.

संध्याकाळी रूपालीले मेसेज लिहला. खोडला. परत लिहला. शेवटी नुसता निळ्या गाडीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'केवढी आहे?' मी बाजूला तुरीची शेंग ठेवून फोटो काढला. तिचा फक्त अंगठा आला. मग दहा मिनिटांनी, 'हसले असते म्हणून नाही सांगितलं का?'

मी 'हो' लिहलं.

१९ जानेवारी, रविवार

ती आली. एकटी.

आर्णीले मावशीकडं आलती म्हणे. आई पार गडबडली, "अवं माय, पौषात?" तं ही म्हणते, "पाहाले नाही आली काकू. पाणी प्यायले आली." पाणी प्यायली. मग मले म्हणे, "दाखवा."

आज क्लिअर, म्हणजे वरचा बिनरंगी चमकीचा थर, मारायचा होता, सगळी तयारी होती. म्हटलं, राहू देतो. म्हणे, "नाही, रोज करता तसंच करा. मी बसते." तिले दुसरा मास्क दिला. तिनं आधी खिडकी उघडली. मी फरशीवर पाणी मारलं, फवाऱ्याचा कॉम्प्रेसर चालू केला, अन् दार लावलं.

ती उठली, दार उघडलं, परत येऊन बसली.

मी म्हटलं, "कापूस येते आत."

"येऊ द्या."

मारला क्लिअर. पहिला हात नुसता धुक्यासारखा, जास्त झाला तं खालचे स्टिकर विरघळतात. ती काही विचारत नव्हती, पाहत होती. दुसऱ्या हाताले वाऱ्याची झुळूक आली अन् दोन तंतू छपरावर, एक काचेपाशी. माझा हात थांबला. तिनं पाह्यलं की माझा हात थांबला.

मग ती बोलू लागली, गाडीकडंच पाहून. "मले वासाचं भेव नाही जी. दुकानात दिवसभर वासातच राह्यते मी. तो खोलीत बसे, दार लावून. मी विचारलं की आतून म्हणे, काही नाही, बसलो आहे. मी ताट घेऊन बाहेर बसू. वरण थंड होये, गरम करू, परत थंड होये. दोन वर्षं. पितांनी मी त्याले कधी पाह्यलंच नाही. मी फक्त दार पाह्यलं."

कॉम्प्रेसर बंद केला मी.

तिनं विचारलं, "पुढं काही झालंच, तं हे दार?"

हो म्हणायचं होतं. 'उघडं ठेवीन', दोन शब्द. पण मी खरंच विचार कराले लागलो, अन् तोंडातून निघालं, "कापूस आहे तोवर बंद लागते."

तिनं मास्क काढून घडी केला, टेबलावर ठेवला. "खरं बोलले," म्हणे. आईच्या पाया पडली अन् गेली.

आईनं ती फाटकाबाहेर जाईपर्यंत दम धरला. मग, "अबे गाढवा! ती पौष मोडून आली अन् तू तिले कापूस सांगतं?"

२१ जानेवारी, मंगळवार

खरं बोलले, याचा अर्थ काय? चांगलं बोलले का झालं एवढंच?

सुनीलले विचारणार होतो. नाही विचारलं.

२३ जानेवारी, गुरुवार

क्लिअर घासला. दोन तंतू निघाले, काचेजवळचा खोल आहे.

आई बोलत नाही. जेवण वाढते, बोलत नाही. हो म्हटलं असतं तं काय गेलं असतं? हे दोन दिवस घोळवून राह्यलो. हो म्हटलं असतं, लग्न झालं असतं, अन् पुढच्या डिसेंबरात मी दार लावलं असतं. ती बाहेर बसली असती. ताट असतं का नसतं माहीत नाही, पण बसली असती. तिच्यासमोर खोटं बोलणं मले जमलं नाही याचं बरं वाटते, अन् त्याच वेळी डोकं भिंतीवर आपटावं वाटते.

मले ती पाह्यजे. लिहून टाकलं.

हा विचार मी दाराचा करून राह्यलो. कापूस आत येऊ नये एवढंच पाह्यजे मले. आतलं बाहेर दिसू नये, असं कुठं पाह्यजे? पण दहा वर्षं दोन्ही एकच समजत होतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडा झाला की सुताराकडं गेलो. म्हटलं, दार काढायचं, जाळीचं दार लावायचं. बारीक जाळी, मच्छराची असते त्याहून बारीक. तो म्हणे, बेडरूमले? म्हटलं, हो. त्यानं माझ्याकडं एकदा पाह्यलं. हा बी बाभुळगावचं ऐकून आहे का, कोण जाणे.

आई: "दार काढून राह्यला? चोर येईन."

"त्या खोलीत काय चोरते?"

"चोराले काय माहीत?"

पण बोलली. आठवड्यानं बोलली.

२८ जानेवारी, मंगळवार

जाळी लागली. ओला फडका फिरवून ओलसर ठेवायची, कापूस तिलेच चिकटते. बसून पाह्यलं. एका रिकाम्या बॉडीवर क्लिअर मारला, खिडकी उघडी, तिलेही जाळीचा तुकडा. एक तंतू आला. एवढं चालते.

घोटाळा दुसराच झाला. आई जाळीबाहेर तुरीच्या शेंगा सोलत बसली अन् पूर्ण वेळ बोलत होती. शेजारणीच्या सुनेची सगळी गोठ समजली मले, आता मी साक्ष देऊ शकतो. मध्येच म्हणे, "तो लाल डबा कायचा?" म्हटलं, पॉलिश. "अन् तो?" सांगितलं. दहा वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं. का विचारलंही असन आधी, दाराबाहेरून. मले ऐकू आलं नसन.

३० जानेवारी, गुरुवार

माघ लागला. सकाळीच ताईचा फोन. मामाचा नकार आला.

"सरळ नकार?"

"सरळ. म्हणे, आमची पोरगी एकदा भाजली, आता ताकही फुंकून..." पुढचं तिले रडू आलं. मग म्हणे, "रूपालीचं मले काही समजत नाही. मामानं तिच्यासमोर सांगितलं, तं ती ना हो म्हणाली, ना नाही म्हणाली. उठून दुकानात गेली."

आईले सांगितलं. ती म्हणे, "तू काय करून राह्यला मंग इथं?"

ड्यूटी सेकंड आहे. अजून वेळ होता. खोलीत बसलो, फोन टेबलावर ठेवला. कागद घेऊन काय काय बोलायचं ते जुळवलं. मग वाटलं, जुळवलेलं तिले लगेच समजते. फोन लावला.

"बोला."

"दार काढलं मी. जाळी लावली."

"काहून?"

"तुम्ही म्हटलं म्हणून."

"मी म्हटलं म्हणून नको."

बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, "तुम्ही नाही आल्या तरी राहू देईन ते. आई बोलते बाहेरून, मले ऐकू येते. पण तुम्ही याव्या असं वाटते मले. खूप वाटते. हे गच्चीवर सांगाले पाह्यजे होतं. तवा काही नाही म्हटलं, ते खोटं होतं."

एवढं मी आयुष्यात एका दमात बोललो नाही. 

 मले वाटलं फोन कटला. मग तिचा श्वास ऐकू आला. "मामा ऐकणार नाही," म्हणे.

"हो."

"तुम्हाले सगळे थिनरवाला म्हणतीन."

"म्हणतातच."

हसली का? तसा आवाज आला, नक्की नाही सांगता येत. मग तिकडं कोणीतरी 'ओ मॅडम' म्हणालं. ती म्हणाली, "थांबा."

थांबलो. तिनं फोन काउंटरवर ठेवला असन, कट नाही केला. मी स्पीकरवर टाकून इथं वहीजवळ ठेवला, अन् हे लिहून राह्यलो. तिकडून सगळं ऐकू येते. ड्रॉवर उघडला, स्ट्रिप कापली. कोणा बाईचं लेकरू तापलेलं आहे. रूपाली तिले सांगून राह्यली, अर्धी गोळी, जेवल्यावर, उपाशी देऊ नका. बाई परत विचारते. रूपाली परत सांगते, अर्धीच.

आई जाळीपाशी आली अन् हातानंच विचारलं, काय झालं? मी हातानंच सांगितलं, माहीत नाही. ती तिथंच खाली बसली. ड्यूटीले निघायची वेळ झाली आहे. फोन चालू आहे.